मँचेस्टरची तहान

चार नद्या हाकेच्या अंतरावर, तरी नळाला रोज पाणी नाही! एक वीकएण्ड इचलकरंजीत काढला, तर शहर नेमकं कोण चालवतं, हा प्रश्न डोक्यात घेऊनच परत येणं होतं.

आत्ता तुम्ही ऑफिसात बसून हे वाचत असाल, तर एक काम करा. शर्टाची कॉलर उलटून लेबल बघा. ब्रँडचं नाव दिसेल, साइज दिसेल, कसं धुवायचं आणि कसं धुवायचं नाही याचा दमही दिसेल. पण कापड कुठं विणलंय, ते काही तिथं लिहिलेलं नसतं. ते इचलकरंजीत विणलेलं असू शकतं. आणि नसलं तरी तुमच्या घरातली एखादी चादर, एखादं अस्तर, आजोबांचं धोतर, आजीची नऊवारी, यातलं काहीतरी या गावातून आलेलं असणार, याची पैज लावायला मी तयार आहे.

इचलकरंजी. कोल्हापूर जिल्हा, हातकणंगले तालुका. शाळेच्या भूगोलात आपण ‘महाराष्ट्राचं मँचेस्टर’ असं पाठ केलं, दोन मार्क मिळवले आणि विसरून गेलो. आपल्यातलं कुणी तिथं फिरायला वगैरे जात नाही. कोल्हापूरला जातो, अंबाबाईचं दर्शन, तांबडा-पांढरा, रंकाळा, चपला, झालं! तिथून जेमतेम तीस किलोमीटरवर लाखाच्या घरात माग असलेलं एक अख्खं शहर खडखडत असतं, याची आपल्याला खबरही नसते.

आधी आवाज, मग गाव

इचलकरंजीला रेल्वे नाही. कोल्हापूर-मिरज मार्गावर हातकणंगले स्टेशनला उतरायचं आणि वडाप पकडायचं. वडाप म्हणजे शेअर रिक्षा किंवा जीप, सीट भरल्याशिवाय न हलणारी. माझ्या रिक्षावाल्याला मी पुण्याहून आलेय आणि पाण्यावर लिहिणार आहे म्हटल्यावर तो जाम खूश झाला. म्हणाला, ‘‘ताई, हितं लग्न ठरवताना पोराचा पगार मागनं इचारत्यात. आधी घरात पाणी किती दिसानं येतं, ते इचारत्यात.’’

जोक होता. पण मागे बसलेल्या दोघी-तिघी हसल्या नाहीत.

गावात शिरलात की आधी आवाज भेटतो. खटक्-खटक्-खटक्. कुठल्याही गल्लीत जा, एका घरात टीव्ही चालू असतो आणि शेजारच्या शेडमध्ये माग. पहिली दहा मिनिटं वाटतं, ही माणसं झोपतात कशी? अकराव्या मिनिटाला तो आवाज ऐकू येईनासा होतो. मला एका मागवाल्या मामांनी सांगितलं, की रात्री वीज गेली आणि माग थांबले, तर त्या शांततेनं त्यांना जाग येते!

हे मामा ‘खर्चीवाले’. हा खास इथला शब्द. माग स्वतःचे, शेड स्वतःची, वीजबिल स्वतःचं, पण सूत व्यापाऱ्याचं. व्यापारी बीम देणार, हे कापड विणून देणार आणि मजुरी घेणार. गावातले कितीतरी मागवाले असे आहेत. मालक म्हणावं तर मालक, कामगार म्हणावं तर कामगार. त्यांच्याभोवती सायझिंगवाले, वहिफणीवाले, कांड्या भरणाऱ्या बायका, जॉबर, दिवाणजी, हमाल अशी मोठी साखळी. मजूर उत्तर प्रदेशचे, बिहारचे, ओडिशाचे. व्यापारी बरेचसे मारवाडी. कर्नाटकची सीमा जवळ म्हणून बाजारात कानडीही कानावर पडतं. मुंबई बारकी करून दिली, तर अशीच दिसेल.

मामांनी माग थांबवून दाखवला. आडवा धागा तुटला, की माग आपोआप बंद पडतो. म्हणजे तसाच पुढं खडखडत राहून कापड खराब करत नाही. आधी धागा जोडायचा, मगच माग सुरू. मला ते फार आवडलं. पुढचे दोन दिवस ते सारखं आठवत राहिलं.

जहागीर, माग आणि सहकार

थोडा इतिहास घेऊ. बोअर होणार नाही, प्रॉमिस!

इचलकरंजी ही घोरपड्यांची जहागीर. मूळ पुरुष नारो महादेव जोशी. संताजी घोरपड्यांच्या पदरी वाढलेल्या या माणसानं आडनावही घोरपडे लावलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जहागीरदार होते नारायणराव बाबासाहेब घोरपडे. विद्येचे आणि कलेचे शौकीन, आणि उद्योगाला हात देणारे. त्यांच्याच काळात, १९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी गावात पहिला यंत्रमाग बसवला. आज ऐकू येणारा सगळा खडखडाट त्या एका मागाची नातवंडं-पतवंडं! ग्वाल्हेर घराण्याची गायकी महाराष्ट्रात रुजवणारे आणि विष्णु दिगंबर पलुसकरांचे गुरू असलेले बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर याच गावाचं नाव लावून जगले. १९७४ मध्ये पु. ल. देशपांडे ज्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, तेही इथलंच.

१९४९ मध्ये कोल्हापूर संस्थान विलीन झालं. राजे गेले, मग गाव कुणी उभं केलं? तर सहकारानं. दत्ताजीराव कदमांच्या पुढाकारानं विणकरांची डेक्कन सहकारी सूतगिरणी उभी राहिली. घटना समितीचे सदस्य असलेल्या रत्नाप्पाण्णा कुंभारांनी गावाच्या कडेला पंचगंगा सहकारी साखर कारखाना काढला, त्याचे सभासद आजूबाजूच्या गावांतले ऊसवाले शेतकरी. पुढं कल्लाप्पाण्णा आवाडेंनी सूतगिरण्या, बँक, साखर कारखाना असं जाळं विणलं. १९८२ मध्ये डीकेटीई ही संस्था सुरू झाली. टेक्स्टाइल इंजिनीअरिंग करणाऱ्यांना हे नाव सांगायला नको. आणि ती कुठं भरते? चक्क घोरपड्यांच्या राजवाड्यात! जिथं दरबार भरायचा, तिथं आता पोरं व्हायवा देतात.

हे सगळं सांगायचं कारण एवढंच, की या गावाला एकत्र येता येत नाही, असं म्हणायची सोय नाही. शेअर गोळा करून गिरण्या उभारणारी ही माणसं आहेत. हक्कासाठी रस्त्यावर उतरणारीही आहेत. लाल बावट्याच्या कामगार चळवळीची इथं जुनी परंपरा आहे, आणि शहरातल्या एका मुख्य चौकाला कामगारांचे नेते आणि आमदार राहिलेल्या के. एल. मलाबादे यांचं नाव आहे. आचार्य शांताराम गरुडांनी १९७७ मध्ये सुरू केलेली समाजवादी प्रबोधिनी इथलीच. दीडशे वर्षांचं आपटे वाचन मंदिर इथलंच. म्हणजे या गावाला वाचायची, बोलायची, भांडायची सवय आहे. मग पाण्याचं घोडं अडलं कुठं?

पाइपचं हे टोक

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एका वहिनींच्या घरी होते. दारात निळे बॅरल, ओट्याखाली हंडे, जिन्यात घागरी, बाथरूमवर टाकी. मी म्हटलं, ‘‘एवढं पाणी साठवता?’’ त्या म्हणाल्या, ‘‘मग? आज आलं, आता परत कधी ते तो पाणी सोडणाराच जाणे.’’

मोबाइलमध्ये त्यांचे अलार्म लावलेले होते. ऑफिसचे नाहीत, पाण्याचे. कधी पहाटेचा, कधी रात्रीचा. गल्लीत सगळ्यात वजनदार माणूस कोण, तर आमदार नाही आणि फौजदारही नाही. व्हॉल्व्ह फिरवणारा माणूस! तो दिसला, की चार दारं उघडतात.

आणि गंमत बघा. गावाला खेटून पंचगंगा वाहते. थोडं पुढं गेलं की कृष्णा, एका बाजूला वारणा, दुसऱ्या बाजूला दूधगंगा. आपल्या मराठवाड्यातल्या मित्राला सांगितलं तर तो म्हणेल, तुम्हाला पाणीटंचाई म्हणायचा अधिकारच नाही.

पण नदी असणं आणि पाणी असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पंचगंगा कोल्हापूरचं सांडपाणी घेऊन इथवर येते. मग इचलकरंजी तिच्यात आपलं टाकते. घराघरातलं सांडपाणी आणि कापड रंगवण्या-धुण्याच्या कारखान्यांतलं पाणी. त्यातलं बरंचसं ज्या ओढ्यातून नदीला मिळतं, त्याचं नावच काळा ओढा! उन्हाळ्यात नदीवर जलपर्णीचा हिरवागार गालिचा पसरतो. फोटोत छान दिसतो. जवळ गेलं की नाकाला रुमाल लावावा लागतो. खाली तेरवाडच्या बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या वर्षानुवर्षं येतात.

२०१२ च्या उन्हाळ्यात या शहरात काविळीची साथ आली. हजारो लोक आजारी पडले, काहींचा जीव गेला. दूषित पाण्यानं. पंचगंगेच्या प्रदूषणाचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात पोचला, तोही जनहित याचिकेतून. म्हणजे दार ठोठावलं ते सामान्य नागरिकांनीच. वहिनी म्हणाल्या, ‘‘त्या वर्षी आमच्या गल्लीत दर दोन घरांआड एक आजारी. तेव्हापासनं पाणी उकळल्याबिगर पोरांना देत न्हाई. आलेलं पाणी उकळायचं, आणि न आलेल्या पाण्याची वाट बघायची. दोन्ही आमीच करायचं.’’

शहराला दुसरी नदी हवी होती. कृष्णेवरून, शिरोळ तालुक्यातल्या मजरेवाडीहून पाणी आणणारी योजना होतीच, पण पाइपलाइन जुनी आणि गळकी. आज इथं फुटली, उद्या तिथं. मग ठरलं वारणा. शिरोळ तालुक्यातल्या दानोळीहून पाणी आणायचं, केंद्राच्या अमृत योजनेतून पैसे. दानोळी आणि आसपासच्या गावांनी कडाडून विरोध केला. २०१८ मध्ये तर गावकरी रस्त्यावर उतरले. वारणा बारगळली. मग ठरली दूधगंगा. कागल तालुक्यातल्या सुळकूडहून पाणी, अमृत टू पॉइंट ओमधून सुमारे १६० कोटींची मंजुरी. शहरात आनंद! आणि दूधगंगाकाठी? पुन्हा तेच. विरोध.

इचलकरंजीकरांनी मग जे केलं, ते आपल्यासारख्यांनी बघण्यासारखं होतं. सगळ्या पक्षांचे लोक एका कृती समितीत आले. मोर्चे, धरणं, बंद. बायका रिकामे हंडे घेऊन उतरल्या. माग चालवणारा, माग भाड्यानं देणारा, त्याला सूत देणारा, सगळे एका रांगेत. पुण्यात आमच्या सोसायटीच्या मीटिंगला कोरम भरत नाही, आणि इथं पाण्यासाठी अख्खं गाव!

मग मला वाटलं, आता पाइपचं दुसरं टोक बघायला हवं.

पाइपचं ते टोक

हुपरीच्या बाजूनं सुळकूडकडं निघाले. हुपरी म्हणजे चांदीच्या दागिन्यांचं गाव, तिथं थांबायचा मोह आवरला. पुढं दोन्ही बाजूंना ऊस. दूधगंगा संथ, स्वच्छ, मनात भरणारी. काठावर मोटारींचे पाइप नदीत सोडलेले.

एका शेतकरी अण्णांशी बोलले. मला वाटलं होतं, पाणी देणार नाही म्हणजे माणूस चिडका असेल. त्यांनी आधी चहा दिला. मग म्हणाले, ‘‘बाळ, तहानलेल्याला पाणी देऊ नये असं कोण म्हणंल? पण त्यांच्या दारातनं नदी जाते. ती कुणी नासली? ती नासली म्हणून आता ही द्यायची. उद्या ही नासली तर?’’

पुढचा मुद्दा त्यांनी शांतपणे मांडला. उन्हाळ्यात धरणातलं पाणी कमी झालं, की पाटबंधारे खातं उपसाबंदी लावतं. म्हणजे ठरावीक दिवस नदीतून मोटारीनं पाणी उचलायचं नाही. पिण्याच्या पाण्याचा हक्क पहिला, हे सरकारचंच धोरण आहे. म्हणजे टंचाई आली, की बंदी शेतीवर येणार, शहराच्या पाइपवर नाही. ऊस वाळणार तो आमचा. कोल्हापूरची थेट पाइपलाइन आधीच काळम्मावाडी धरणातून पाणी नेते. कित्येक वर्षांच्या आंदोलनानंतर २०२३ च्या दिवाळीत ते पाणी कोल्हापुरात पोचलं. ते धरणही दूधगंगेवरचंच. शिवाय या नदीत खालच्या अंगाला कर्नाटकचाही वाटा. आता आणखी एक पाइप?

शहराचं म्हणणं असं, की धरण पंचवीस टीएमसीच्या वरचं आहे, आम्ही त्यातला अगदी छोटा हिस्सा मागतोय. गणित बरोबरच आहे. पण अण्णांची भीती गणिताची नव्हतीच. ती भरवशाची होती.

या भीतीत किती ताकद होती, याचा एक पुरावा देते. कागल हा राजकारणाचा आखाडा. तिथं विधानसभेला एकमेकांविरुद्ध लढलेले हसन मुश्रीफ आणि समरजितसिंह घाटगे या एका प्रश्नावर मात्र एकाच बाजूला उभे राहिले. म्हणजे पाइपच्या या टोकाला सर्वपक्षीय एकजूट आणि त्या टोकालाही सर्वपक्षीय एकजूट! लोकसहभाग कमी पडला, असं कोण म्हणेल? दोन्हीकडं तो तुडुंब होता. दोन्ही टोकं एका जागी बसतील, अशी जागाच तेवढी नव्हती. मंत्रालयात बैठका झाल्या, समिती नेमली गेली. पाणी मात्र आलं नाही.

रिकाम्या खुर्च्या

परत इचलकरंजीत आले आणि तारखा मांडल्या, तेव्हा खरी गोष्ट लक्षात आली.

२०१६ मध्ये इचलकरंजीनं थेट मतदानानं नगराध्यक्ष निवडला. अलका स्वामी निवडून आल्या. त्या नगरपरिषदेची मुदत डिसेंबर २०२१ मध्ये संपली. २०२२ मध्ये नगरपरिषदेची महानगरपालिका झाली, राज्यातली अठ्ठाविसावी. फटाके वाजले, पाट्या बदलल्या. पण ओबीसी आरक्षणाचा वाद आणि प्रभागरचनेचा घोळ यांत निवडणूक काही होईना. महापालिकेची पहिली निवडणूक झाली ती १५ जानेवारी २०२६ रोजी. ६५ जागांसाठी.

म्हणजे चार वर्षं या शहरात एकही नगरसेवक नव्हता. कारभार प्रशासकांकडं. आणि हीच ती चार वर्षं, ज्यात सुळकूडचं सगळं रामायण झालं! शहराच्या इतिहासातला सगळ्यात मोठा पाण्याचा वाद चालू असताना सभागृहातल्या खुर्च्या रिकाम्या होत्या. लोकांनी मग बोलायचं कुठं? रस्त्यावर. मोर्चात माणूस मागणी करू शकतो, घोषणा देऊ शकतो. ‘तुम्ही एवढं सोडा, आम्ही एवढं करतो’ असा व्यवहार मोर्चात होत नाही. त्यासाठी बसावं लागतं.

आता त्या टोकाला बघा. सुळकूड असो की दानोळी, तिथं ग्रामपंचायत आहे आणि ग्रामसभा आहे. कायद्यानं वर्षातून किमान चार वेळा भरवायची. प्रत्येक मतदार तिचा सदस्य. अण्णा तिथं उभं राहून सरपंचाला प्रश्न विचारू शकतात. इचलकरंजीतल्या वहिनींना असं उभं राहायला जागा कुठली?

घटनेच्या ७४ व्या दुरुस्तीनं शहरांसाठी वॉर्ड समित्या आणल्या. पण सक्ती कुणाला? तीन लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरांना. २०११ च्या जनगणनेत इचलकरंजी होती सुमारे २ लाख ८७ हजार. तेरा हजार माणसं कमी पडली! आणि त्यानंतर जनगणनेचा नवा आकडा आलेलाच नाही. वॉर्ड समिती करू नका, असं कायदा कुठंही म्हणत नाही. सक्ती नाही, एवढंच. आणि सक्ती नसली, की आपल्याकडं काय होतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. २००९ मध्ये राज्यानं शहरांसाठी क्षेत्रसभेचीही तरतूद केली. क्षेत्रसभा म्हणजे शहरातली ग्रामसभाच म्हणा. ती बहुतेक शहरांत कागदावरच राहिली.

आता नगरसेवक आले आहेत. एका प्रभागात साधारण चार. एकच नळ आणि चार नगरसेवक! पाणी आलं तर चौघांचे फ्लेक्स, नाही आलं तर चौघांपैकी कुणाला गाठायचं? हे काही इचलकरंजीपुरतं नाही. पुण्यातही तेच आहे.

सतरंजी टाकणार कोण?

हुशार माणसं यावर एक ठरीव उत्तर देतात, ‘स्ट्राँग लीडर हवा’. इचलकरंजीनं स्ट्राँग लीडर भरपूर पाहिलेत. आमदार, खासदार, मंत्री, सहकारमहर्षी. त्यांनी गिरण्या उभ्या केल्या, त्याबद्दल त्यांना सलाम. पण पाइपच्या दोन्ही टोकांना आपापले स्ट्राँग लीडर असले, की पाइप मधेच अडकतो, हे याच गावानं दोनदा अनुभवलंय. वारणेला एकदा, दूधगंगेला एकदा.

मला वाटतं, इथं वेगळ्या धाटणीचा पुढारी लागेल. जो अण्णांसमोर जाऊन आधी आपल्या काळ्या ओढ्याचा हिशोब मांडेल. शहरात रोज किती सांडपाणी तयार होतं, त्यातलं किती शुद्ध होतं, किती तसंच नदीत जातं. कारखान्यांसाठी सामाईक सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प आहे, तो किती चालतो. हे आकडे दर महिन्याला महापालिकेच्या दारावर लावा. फ्लेक्सला जागा मिळते, मग यालाही मिळेल. तेरवाडच्या माणसानं येऊन ते तपासावेत, दूधगंगाकाठच्यानंही तपासावेत. उपसाबंदीच्या दिवसांत शहर आपलं पाणी किती कमी करेल, ते आधीच लिहून द्या. मागण्याआधी काहीतरी द्यायचं, हा साधा हिशोब आहे. खर्चीवाल्या मामांच्या भाषेत सांगायचं, तर आधी तुटलेला धागा जोडायचा, मग माग सुरू करायचा.

हे स्वप्नरंजन वाटतंय? ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रेमध्ये १९८९ पासून शहराच्या बजेटचा एक भाग कुठं खर्च करायचा, हे वस्त्यावस्त्यांतल्या बैठका ठरवायला लागल्या. एवढ्या लांब कशाला? पुणे महापालिकेनं २००६ पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामं मागवायला सुरुवात केली. आपल्या प्रभागात काय हवं, त्याचा एक फॉर्म भरायचा. तुम्ही पुण्यात राहत असाल तर सांगा, कधी भरलाय? मी नव्हता भरला.

आणि इचलकरंजीला पोर्तो अलेग्रेचीही गरज नाही. साखर कारखान्याच्या सभासदांच्या यादीत आसपासच्या गावांची नावं होतीच. शहर आणि खेडी एका ताळेबंदावर एकदा बसलेली आहेत. तेव्हा मधे साखर होती, आता पाणी आहे. घोरपडे नाट्यगृहात खुर्च्याही आहेत. शहरातल्या बायका आणि दूधगंगाकाठचे शेतकरी, दोघांना बोलावून एक दिवस तिथं बसवायला काय लागतं? चहा लागतो. आणि चहा अण्णांनी आधीच पाजलाय.

निघताना

शेवटच्या संध्याकाळी नदीवेशीकडून पंचगंगेवर गेले. सूर्य मावळत होता, पाणी सोनेरी दिसत होतं. अंधूक उजेडात प्रदूषण दिसत नाही, वास मात्र येतो. दोन पोरं काठावर गळ टाकून बसली होती. काही लागलं का, विचारलं. ‘‘न्हाई अजून,’’ म्हणाली. उठली मात्र नाहीत.

रात्रीच्या गाडीनं पुण्याला निघाले. पहाटे स्वारगेटला उतरताना वहिनींचा मेसेज होता, ‘पाणी आलं. ३ वाजता. सगळं भरलं.’ पुढं हसरा चेहरा.

घरी आले. नळ सोडला. पाणी आलं, रोजच्यासारखं. मग सहज म्हणून कागद घेतला आणि माझ्या प्रभागातल्या चार नगरसेवकांची नावं लिहायला बसले. एक आठवलं. दुसऱ्याचं नुसतं आडनाव आठवलं. पुढं पेन थांबलं.

तुम्ही लिहून बघा. शर्टाच्या लेबलापेक्षा हे अवघड आहे.

इचलकरंजीला जायचंय?

कसं जाल : पुणे-मुंबईहून कोल्हापूरपर्यंत ट्रेन किंवा एसटी, तिथून एसटीनं तासाभराचा रस्ता. ट्रेननं हातकणंगलेला उतरून वडापनंही जाता येतं.

काय बघाल : डीकेटीईचा राजवाडा (कॉलेज आहे, परवानगी विचारून आत जा), आपटे वाचन मंदिर आणि एखादी मागाची शेड. ओळख काढली, की लोक आनंदानं दाखवतात. मागाच्या जवळ जाताना ओढणी, स्टोल नीट खोचून घ्या.

जाताना वेळ असेल तर : नृसिंहवाडी करा. पंचगंगा तिथं कृष्णेला मिळते. वरच्या सगळ्या गावांनी तिच्यात काय काय सोडलंय, ते घेऊन.